टाळी, थाप आणि मधली डबी

या, असे अंमळ पुढे सरका. कडेला कशाला बसता, सतरंजी सगळ्यांना पुरते. इथे ना माईक आहे, ना गादीवर महाराज. मी आपला आळे गावचा साधा टाळकरी, सुदर्शन. कीर्तनं ऐकत ऐकत केस पिकले, आणि कीर्तनातच पाहिलेली एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. ती तुम्हाला सांगतो. गोष्ट कुंडलिकबुवांची आहे आणि सोनलची आहे. मध्ये एक खिशात मावणारी डबी आहे. शांतपणे ऐका, लांबवणार नाही.

कुंडलिकबुवा आमच्या शेजारच्या मळ्यात राहतात. शेजारचा म्हणायचा, पण मध्ये उसाची दोन मोठी वावरं आहेत. बुवा पखवाजी. जुन्नर-आंबेगावात असं गाव विरळा, जिथल्या सप्त्यात त्यांची थाप घुमली नाही. मोठमोठे महाराज आधी विचारायचे, "वाजवायला कुंडलिकबुवा आहेत ना?" मग तारीख द्यायचे. बुवांच्या पत्नी प्रयागबाई होत्या तोवर त्या घरात चूल विझायची नाही. शिकायला आलेली पोरं, मुक्कामाचे टाळकरी, कुणी ना कुणी ओसरीवर पसरलेलंच. मूलबाळ नव्हतं, पण ते कधी जाणवलं नाही. प्रयागबाई गेल्या आणि ते घर एकदम मोठं झालं. पोरं मोठी होऊन चाकणला कंपन्यांत लागली. ज्यांना वाजवायची हौस, त्यांनी ऑर्केस्ट्रा धरला.

त्यात आमच्याकडे बिबट्याची धास्ती. दिवेलागण झाली की मळ्यातली दारं लागतात. माणूस माणसाकडे जात नाही. मीसुद्धा दिवसा चार वेळा बुवांकडे चक्कर मारीन, पण ऊन उतरलं की माझी पावलं घराकडे. उसापलीकडे बुवांचा दिवा दिसायचा. तेवढीच ओळख, ते आत आहेत आणि जागे आहेत.

राहिली होती एक सोनल. धरणाच्या वरच्या अंगाला, डिंभ्याच्या पाण्यापलीकडे तिची वाडी. बाप भिका, आई लंकाबाई. भात आणि नाचणीची डोंगरउतारावरची शेती. भिका टाळकरी, म्हणून बुवांची ओळख. वाडीतल्या सप्त्यात ही पोर बुवांच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि मांडीवर बोटं आपटायची. बुवांनी एकदा बघितलं, ठेका चुकत नव्हता. प्रयागबाई असताना एका उन्हाळ्यात तिला मळ्यात आणून ठेवली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक कशी लावायची इथपासून शिकवलं. परत जाताना बुवांनी आपला जुना पखवाज तिला दिला. भिका म्हणाला, "बुवा, पोरीच्या जातीला कशाला?" बुवा म्हणाले, "पखवाजाला इचार. त्यो न्हाई म्हनला तर परत आन."

आता ती बारावीला होती. एवढ्या लांब येऊन राहणं होत नव्हतं. बुवांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. पुढच्या सप्त्यात, तिच्याच वाडीत, काल्याच्या कीर्तनाला सोनलच वाजवील असं त्यांनी कमिटीला सांगून टाकलं होतं. कमिटीतले काही नाक मुरडत होते. बुवांचा शब्द म्हणून गप्प बसले. म्हणजे बघा, पोर उभी राहिली तर बुवांचा हात पुढे चालू राहणार, आणि नाही राहिली तर तो त्यांच्याबरोबरच थांबणार.

शिकवायचं कसं? वाडीच्या वरच्या टेकाडावर नवा टॉवर झाला होता. सोनलच्या पडवीत बापाच्या मोबाईलला रेंज यायची. अडचण बुवांकडे होती. त्यांचं घर खोलगटात. अंगणाच्या कडेला, शेवग्याखाली उभं राहिलं की रेंज, घरात काही नाही. आणि सोनल शाळेतून, जीपमधून, घरचं काम उरकून मोकळी व्हायची ती दिवेलागणीला. त्या वेळी शेवग्याखाली कोण उभं राहणार?

बुवा मला म्हणाले, "सुदर्शन, घरात बसून दिसंल-ऐकू यील असं काय मिळतं का रं?"

मी म्हणालो, "मिळतं की. चला नारायणगावला."

दुसऱ्या दिवशी बुवांना मोटारसायकलवर मागे बसवून निघालो. टोमॅटोच्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत गोकुळच्या मोबाईलच्या दुकानात पोचलो. गोकुळ कधीकाळी बुवांकडे महिनाभर शिकायला आला होता. बुवांना बघून उठला, पाया पडला.

"बुवा, तुमी? मृदंगाचं चार्जर न्हाई मिळत आमच्याकडं!"

"तुझ्यासारख्या पळपुट्याच्या हातात दिला असता तर तेबी लागलं असतं," बुवा म्हणाले, आणि दुकानातली सगळी हसली.

गोकुळने काचेवर वायफायच्या तीन वस्तू मांडल्या. एक पांढरा मोठा डबा, भिंतीला लावायचा. "ह्यो घरात बसवायचा. लाईटीवर चालतो. लाईट गेली का ह्यो बी गेला."

"आपल्याकडं लाईट असती कवा?" मी म्हणालो.

दुसरी काळी डबी, साबणाच्या वडीएवढी. "ही खिशात मावती. आत बॅटरी हाय. पण हिच्यात ह्याच कंपनीचं सिम चालतं."

"आन दुसरीकडं गेलो तर?" बुवांनी विचारलं.

"तिथं त्यांचा टॉवर असंल तर ठीक. नसंल तर राम म्हना."

बुवांनी मान हलवली. सप्त्याला गावोगाव जाणारा माणूस. आज ओतूरकडे, उद्या घोडेगावच्या पुढे. एका खोऱ्यात एका कंपनीची रेंज, डोंगर ओलांडला की दुसरीची. घरीही चालली पाहिजे आणि सप्त्यातही. नाहीतर पोरीचा धडा मध्येच तुटणार.

तिसरी डबी निळसर. "ही खुली. कुठलंबी सिम टाका. गावाला निघताना तिथलं सिम घालायचं, घरी आलं का घरचं. दिवसभर बॅटरी. मोबाईल आत, डबी खिडकीत. जिथं रेंज असंल तिथं डबी ठेवा आन तुमी आपले चुलीपाशी बसा. एका वेळी धा जनांचे मोबाईल लागतात हिला." मग सहज, धंद्यातला नेहमीचा प्रश्न विचारावा तसं त्याने विचारलं, "घरात मानसं किती?"

बुवा डबी हातात घेऊन उलटीपालटी करत राहिले. गोकुळला वाटलं, ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं.

"मी हाय," बुवा म्हणाले. "आन येनारंजानारं."

मी बाहेर रस्त्यावरच्या जीपगाड्यांकडे बघत बसलो. येणारंजाणारं कुणी नाही, हे मला माहीत होतं.

बुवांनी डबी सुरू करायला लावली. मी रस्त्यापलीकडे हॉटेलात जाऊन बसलो, आणि त्यांनी मोबाईलवर माझा आवाज ऐकला. मी टेबलावर ठेका धरला. परत आलो तर बुवा खुशीत होते.

"तुटत न्हाई रं आवाज. पार स्वच्छ."

"तुटत न्हाई बुवा," गोकुळ म्हणाला, "जरा उशिरा पोचतो एवढंच."

"किती उशिरा?"

गोकुळने टिचकी वाजवली. "एवढा."

"मग त्यो काय उशीर झाला व्हय?" बुवा म्हणाले. "पोचल्याशी मतलब."

आणि आम्ही ती निळी डबी घेतली. ज्या माणसाने टिचकीच्या निम्म्याने चुकलेल्या थापेसाठी भरल्या मांडवात पोरांचे कान धरले, तो हे म्हणाला; आणि मी, जन्माचा टाळकरी, शेजारी उभा राहून मान डोलावली. आमच्या मनात लय म्हणजे समोरासमोरची गोष्ट. ती तारेतून, हवेतून फिरून येते तेव्हा काय होतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

घरी आल्यावर बुवांनी डबीला हळदकुंकू लावलं, रेंज मिळावी म्हणून माळ्यावरच्या झरोक्यात ठेवली. खाली येऊन मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. आणि त्या पडद्यावर सोनलची पडवी दिसली. मागे लंकाबाई भाकरी थापत होती. तिने पदर सावरून नमस्कार केला, "रामकृष्णहरी, बुवा! जेवला का?"

बुवा मला नंतर सांगत होते, "सुदर्शन, कैक दिसांनी कुनी इचारलं रं, जेवला का म्हनून."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला धडा. सप्त्याला गेले तरी मांडवामागे, कुणाच्या पडवीत, डबी उंचावर टांगून बुवा बसायचे. घरी असले की मला उसापलीकडून त्यांचा दिवा दिसायचा आणि वाटायचं, चला, आज बुवा एकटे नाहीत.

पण धड्यात एक अडायला लागलं. सोनल एकटी वाजवायची तेव्हा बुवांचे डोळे मिटायचे, इतकं गोड. मग बुवा म्हणायचे, "आता माझ्या टाळीवर ये." ते टाळी देत अभंग म्हणायचे, ती साथ करायची, आणि तिची थाप टाळीच्या मागे पडायची. दर वेळी.

"मागं पडतीयास सोने! हात उचल!"

ती हात उचलायची. थाप पुन्हा मागे.

"एकटी असलीस का हिरा, आन मानसासंगं आलीस का झोपती व्हय गं? कीर्तन एकटीनं करायचं असतंय का?"

एकदा ती हळूच म्हणाली, "बुवा, आवाज हितं उशिरा येतोय. तुमची टाळी मला..."

"लयीला कारनं नसत्यात!" बुवा कडाडले. "चुकलं तर चुकलं म्हनायचं."

लंकाबाईने मागून पोरीच्या पाठीवर हात ठेवला. गुरूला उलट बोलायचं नाही, असं त्या घरातलं वळण. सोनलने पखवाज पुढे ओढला.

मग काय झालं, तुमच्या लक्षात आलंच असेल. बुवांची टाळी तिच्याकडे टिचकीभर उशिरा पोचायची. ती त्या टाळीवर बरोबर थाप द्यायची. ती थाप बुवांकडे आणखी टिचकीभर उशिरा यायची. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण गुरू म्हणतात मागे पडतेस, तर शिष्याने काय करावं? तिने टाळी कानावर यायच्या आधीच हात टाकायला सुरुवात केली. रोज थोडा आधी, रोज थोडा आधी. होता होता एके दिवशी तिची थाप बुवांच्या टाळीवर नेमकी येऊन पडली.

"बसली!" बुवा ओरडले. "आता कसं! मानसासंगं चालायला शिकलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः उसातल्या पायवाटेने माझ्याकडे आले, मला सांगायला. इतका आनंद मी प्रयागबाई गेल्यापासून त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता.

वाडीचा सप्ता आला. बुवांची आधीच दुसऱ्या गावी सुपारी ठरलेली, त्यामुळे आम्ही दोघं वाडीत पोचलो ते थेट काल्याच्या दिवशी सकाळी. आधीच्या दिवसांना वाजवायला बाहेरचा पखवाजी होता, तो पहाटेच निघून गेला होता. देवळापुढे पत्र्याचा मांडव, डोंगरावरून आलेली माणसं, चुलवणावर भात रटरटत होता. सोनल नवीन पातळ नेसून उभी होती, गळ्यात पखवाजाचा पट्टा. आम्हाला बघून पाया पडली. बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढं राहा," ते म्हणाले. "मागं पडायचं न्हाई."

"व्हय बुवा."

महाराजांनी नमन सुरू केलं. वीणा झंकारली. आम्ही टाळकरी दोन रांगांत उभे, भिका माझ्या शेजारी. बुवा समोर खांबाला टेकून बसले, टाळी देत. सोनलने हात टाकला.

पहिल्या आवर्तनातच मला टाळ जड वाटला. थाप आमच्या आधी पडत होती. आम्ही तिला गाठायला टाळ पुढे ओढले, तर ती आणखी पुढे गेली. समोरच्याची टाळी कानावर पडायच्या आधी वाजवायचं, हेच तर ती शिकली होती. लय पळायला लागली. चाल म्हणणाऱ्याचा दम तुटला. महाराजांनी एकदा मागे वळून पाहिलं, पुन्हा पाहिलं. भिका दातओठ खाऊन पुटपुटला, "सोने, हळू... हळू गं!" पण ती बापाकडे बघत नव्हती. ती खांबापाशी बघत होती, बुवांच्या हातांकडे.

महाराजांनी हात वर केला. टाळ थांबले. ते हसून म्हणाले, "बाळ, तू पंगतीला लवकर पोचलीस गं. आम्हाला पण येऊ दे की."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मांडव हसला. मागून कमिटीतलं कुणी म्हणालं, "म्हनलं व्हतं, हे पोरीचं काम न्हाई." बायकांच्या बाजूला लंकाबाईने मान खाली घातली.

मी बुवांकडे पाहिलं. त्यांची टाळी हवेतच थांबली होती. सोनलचा हात आपल्या हाताच्या किती पुढे पडतो, हे ते पहिल्यांदा समोरासमोर बघत होते. आणि त्यांना कळलं. मला नंतर म्हणाले, "तेवढंच अंतर रं. गोकुळनं टिचकी वाजवली व्हती ना, तसल्या दोन, एक जातानाची, एक येतानाची."

"कुंडलिकबुवा," महाराज म्हणाले, "या तुम्ही. कीर्तन पुढे जाऊ द्या."

तुम्ही म्हणाल, त्यांनी उभं राहून सांगायला हवं होतं. मीही त्यांना तेच म्हणालो. पण कीर्तन सुरू असताना मध्ये कुणी बोलत नाही, हे अंगात मुरलेलं. गादीवरून हाक आली की जायचं. बुवा उठले. सोनलने गळ्यातला पट्टा काढून त्यांच्या गळ्यात घातला. वर पाहिलं नाही. बुवांनी सुजलेल्या बोटांनी काल्याचं कीर्तन वाजवलं, आणि काय वाजवलं! माणसं डोलली. हंडी फुटली, लाह्या-दही वाटलं. वाजवणाऱ्याला द्यायचा नारळ आणि उपरणं कमिटीने बुवांच्या हातात दिलं.

मान स्वीकारून बुवा वळले तर सोनल मांडवात नव्हती. तिच्या घरी गेलो, दार आतून लावलेलं. भिका हात जोडून म्हणाला, "बुवा, मनाला लावून घेऊ नका. पोरीच्या हातात न्हाई त्ये."

"भिका, तिच्या हातात हाय रं. मी चुकवला त्यो हात."

भिकाला ते मोठेपणाचं बोलणं वाटलं. तो आणखीच वाकला.

त्यानंतर सोनलने फोन घेतला नाही. बुवा रोज दिवेलागणीला डबी लावायचे, मोबाईल तांब्याला टेकवून उभा करायचे आणि समोर बसायचे. रिंग वाजून वाजून थांबायची. मी म्हणालो, "बुवा, आवाज पाठवून ठेवा, ऐकंल ती." ते म्हणाले, "नगं. ह्या डबीतून मी तिला लई सांगितलं. आता जे सांगायचं ते जाऊन सांगीन."

बारावीचा निकाल लागल्यावर आम्ही गेलो. एसटी, मग जीप, मग पायी. बुवांनी तो नारळ उपरण्यात गुंडाळून बरोबर घेतला होता. सोनल अंगणात भाताच्या पेंढ्याची दोरी वळत होती. उठली, पाया पडली, पाणी आणलं. बुवांनी नारळ तिच्यापुढे धरला.

"ह्यो तुझा हाय. चूक माझी व्हती, मान तुझा व्हता."

ती म्हणाली, "वाजवनाऱ्याचा नारळ असतोय बुवा. वाजवलं तुमी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुला ठाव व्हतं ना पोरी? आवाज उशिरा जातोय त्ये?"

"व्हय. मी बोलले व्हते एकदा."

बुवांनी मान हलवली. काय म्हणाले होते आपण, ते त्यांना पाठ होतं. लंकाबाई दारात येऊन उभी राहिली. बुवा म्हणाले, "एकदा माझ्यासमोर वाजव. हितं, जवळ. हात मागं आनू आपन."

तिने पखवाज आणला, कणीक लावली. बुवांनी टाळी दिली. थाप पुढे. पुन्हा दिली, पुन्हा पुढे. ती थांबायचा प्रयत्न करायची, ओठ चावायची, पण टाळी दिसली की हात आपोआप आधीच सुटायचा. इतक्या महिन्यांची मेहनत, ती अशी कशी निघणार? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई व्हत बुवा. मानूस समोर आला का हात पळतोय."

बुवांनी टाळी थांबवली. दोन्ही हात मांडीत घेतले.

"मग एकटी वाजव. मी नुसता बसतो."

ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि वाजवायला लागली. काय सांगू तुम्हाला! कुणाच्या टाळीला बांधलेली नाही, कुणाला गाठायचं नाही, कुणाच्या पुढे पळायचं नाही. डोंगर गप्प झाला. मी इतक्या सप्त्यांत उभा राहिलो, पण तसा पखवाज मांडवात ऐकला नाही. बुवा डोळे मिटून बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना समोर ठेका चालू असताना हात न हलवता बसलेलं पाहिलं. हात उचलला तर तिचं मोडेल, हे त्यांना कळलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाला ती नर्सिंग शिकायला लांब गेली. पखवाज बरोबर नेला म्हणे. हॉस्टेलात सुटीच्या दुपारी, पोरी गावाला गेल्या की खोलीत एकटी वाजवते, असं लंकाबाई सांगत होती. वाडीच्या सप्त्याला पुन्हा बाहेरचा पखवाजी येतो. सोनलचं नाव तिथे कुणी काढत नाही. काढलंच तर हसण्यासाठी.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी कीर्तनात बसाल, टाळ एका जागी पडतील, पखवाज त्यांच्याबरोबर बोलेल आणि तुमचं अंग शहारेल, तेव्हा क्षणभर त्या पोरीची आठवण ठेवा. तिला मांडव मिळाला नाही. देवाला ती ऐकू जाते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माणसांनीही तिला आठवावं, एवढंच मला वाटतं. भिका-लंकाबाईची सोनल. लक्षात राहील ना?